शिकवता शिकवता संशोधन होतं का? मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: ‘मी एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला प्राध्यापक व्हायचंय. घरचे म्हणतात, क्लिनिकलला, म्हणजे रुग्णांवर उपचार करण्याकडे जा, निदान स्वतःचं काही टाकता येईल. आमचे सर म्हणतात, एकदा शिकवायला लागलं की संशोधन संपतं. उरतो तो पोर्शन. खरंच असं असतं का? आणि मानसशास्त्राचा प्राध्यापक नेमकं कशावर संशोधन करतो?’

माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते. मी आधी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात आणि मग विद्यापीठाच्या विभागात, मिळून तीसएक वर्षं हेच काम करत आले आहे. तुझे सर वेळेबद्दल बोलत असतील तर त्यांचं बरोबर आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. ऐकायला हे थोडं वाटतं. त्यात प्रात्यक्षिकांच्या बॅचेस, जर्नलं, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासणं, अंतर्गत परीक्षा, कॅप सेंटरला जाऊन पेपर तपासणं, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी लागणाऱ्या नॅकच्या फायली आणि प्रवेश समिती मिळवली की संध्याकाळी डोकं चालत नाही. पण ‘शिकवणं संशोधनाच्या आड येतं’ असं त्यांना म्हणायचं असेल, तर मला ते मुळीच मान्य नाही. आपल्या विषयातले चांगले प्रश्न वर्गातून आणि वर्गाच्या दाराबाहेरच्या माणसांतून येतात. शिकवणारा माणूस या दोन्हींच्या सगळ्यात जवळ उभा असतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण ते आपल्याकडचं आहे आणि आपल्याच अभ्यासक्रमात त्याचं नावही येत नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार आणि नेपाळला भूकंपाचा प्रचंड हादरा बसला. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा या भागात अपरिमित हानी झाली, हजारो माणसं गेली. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्या दिवसांत लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त त्यावर लेख लिहिला. या अफवा मुख्यतः अशा लोकांमधल्या होत्या, ज्यांना धक्का जोरात जाणवला होता पण ज्यांच्या आसपास पडझड झाली नव्हती. आणि त्या बहुतेक अफवा आणखी मोठ्या संकटाचं भाकीत करणाऱ्या होत्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून भयंकर भूकंप होणार, वादळ येणार, नेपाळच्या हद्दीकडून पुराचं पाणी धावत येतंय, अशा.

जरा थांबून विचार कर. घाबरलेला माणूस दिलासा शोधेल, असं आपल्याला वाटतं. इथं घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी एकमेकांना सांगत होती आणि त्या खऱ्या मानत होती. का?

पुढे १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. तिथं घरं गाडली गेली, माणसं मेली. नुकसान लोकांच्या डोळ्यांसमोर होतं. दुर्गानंद सिन्हा या तरुण अभ्यासकानं तिथल्या अफवा गोळा केल्या आणि १९५२ मध्ये त्याच नियतकालिकात छापल्या. तिथल्या अफवांमध्ये ‘याहून मोठं संकट येणार’ हा सूर नव्हता. दोन्हीकडे आपत्तीच होती, भीतीही होती. फरक एवढाच की एकीकडे भीतीचं कारण समोर दिसत होतं आणि दुसरीकडे दिसत नव्हतं.

अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ हे दोन्ही लेख शेजारी ठेवून बसला. त्याला सुचलं ते असं: धक्का बसलेल्या माणसाचं मन भीतीनं भरलेलं आहे आणि डोळ्यांना मात्र घाबरण्यासारखं काही दिसत नाही. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि न जुळणं माणसाला सहन होत नाही. मग संकटाची अफवा त्या भीतीला कारण पुरवते. मनातल्या अशा न जुळणाऱ्या गोष्टींचा त्याचा सिद्धांत, बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत, १९५७ मध्ये आला; त्याची पहिली ठिणगी प्रसादांच्या या माहितीतून पडली, असं फेस्टिंगरनं स्वतः आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र हा सिद्धांत सुरू होतो १९५९ च्या एक डॉलर आणि वीस डॉलरच्या प्रयोगापासून (कंटाळवाणं काम मजेचं होतं असं दुसऱ्याला सांगायला कुणाला एक डॉलर दिला, कुणाला वीस). पाटणा आणि दार्जिलिंग गळून जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्या मुलांना हे कळायला हवं की जगभर शिकवल्या जाणाऱ्या एका सिद्धांताचा कच्चा माल आपल्याच रस्त्यांवर, आपल्याच माणसांच्या बोलण्यात सापडला होता.

दुर्गानंद सिन्हांची पुढची कारकीर्दही तू पाहावीस असं वाटतं, कारण ‘प्राध्यापक’ हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर तीच येते. केंब्रिजला फ्रेडरिक बार्टलेट यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. पाटण्याला शिकवलं, खरगपूरच्या आयआयटीत शिकवलं आणि १९६१ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा केला. प्रयोगशाळेतल्या विषयांवरून ते हळूहळू खेड्यांकडे वळले: गावातल्या माणसाच्या आकांक्षा काय आहेत, विकासाच्या योजना त्याला का पटतात किंवा का पटत नाहीत, गरिबी आणि वंचितपणाचा मुलांच्या आकलनावर काय परिणाम होतो. आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष झाले. भारतातलं मानसशास्त्र पश्चिमेची नक्कल करत राहिलं तर इथल्या प्रश्नांना ते कधीच भिडणार नाही, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. आणि त्यांच्या हाताखालून तयार झालेल्या विद्यार्थ्यांनी पुढे देशभर विभाग चालवले. एका प्राध्यापकाच्या कामाचं मोजमाप मी त्याच्या शोधनिबंधांच्या यादीवरून करत नाही. त्याच्या विद्यार्थ्यांनी कुठले प्रश्न उचलले, ते बघते.

सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरला मी हा भाग शिकवते, तेव्हा मराठवाड्यातल्या मुलांना एक काम देते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घरी जा, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारा: त्यानंतरच्या आठवड्यात लोक काय काय सांगत होते? तुमचं गाव पडलं होतं की नुसतं हादरलं होतं? मुलं उत्साहानं जातात. वह्या भरून आणतात. आणि मग वर्गात पहिला अडथळा येतो, तो कुणीतरी विद्यार्थीच दाखवतो: ‘मॅडम, हे सगळं इतक्या वर्षांनी सांगितलेलं आहे. आजीला तेव्हाची अफवा आठवतेय, की नंतर पेपरात वाचलेलं?’

हा प्रश्न आला की मला समाधान वाटतं. इथून स्मृतीचं प्रकरण सुरू करता येतं, आणि ते मी व्याख्यानानं सुरू करत नाही. कागद-पेन काढायला सांगते. मी पंधरा शब्द वाचणार, साधारण दीड सेकंदाला एक. वाचून झाले की आठवतील तेवढे लिहायचे, अंदाजानं भर घालायची नाही. शब्द असे: गादी, उशी, पांघरूण, रात्र, जांभई, स्वप्न, डुलकी, घोरणं, थकवा, अंगाई, पलंग, जाग, आराम, गोधडी, पेंग.

दोन मिनिटांनी विचारते, ‘गादी’ कुणी लिहिला? बरेच हात वर. ‘पेंग’? बरेच हात. ‘थकवा’? थोडे. आणि मग, ‘झोप’ कुणी लिहिला? भराभर हात वर जातात. मी यादीचा कागद पहिल्या बाकावरच्या मुलीला देते आणि मोठ्यानं वाचायला सांगते. ‘झोप’ त्यात नाही. एक मुलगा एकदा उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात ऐकलंय मी. उशीच्या नंतर.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला शब्दाची जागासुद्धा आठवत होती.

या पद्धतीचा पाया जेम्स डीझ यांनी १९५९ मध्ये घातला. नंतर ही पद्धत जवळजवळ विसरली गेली होती. १९९५ मध्ये हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमट यांनी ती पुन्हा उचलली. त्यांच्या पहिल्या प्रयोगात न वाचलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा ‘आठवला’, दुसऱ्यात ५५ टक्के. साक्षीदारांच्या जबान्या, लहानपणीच्या ‘परत आलेल्या’ आठवणी यांवर त्या काळात अमेरिकेत कोर्टकचेऱ्या गाजत होत्या, त्यामुळे या साध्या यादीला मोठं वजन आलं. स्मृती घडलेल्या गोष्टीची प्रत जपून ठेवत नाही, ती दर वेळी नव्यानं रचली जाते, हे बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. पण ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या अक्षरात ‘झोप’ लिहिलेलं बघणं वेगळं.

आता यातलं संशोधन कुठे आहे ते सांगते. तालुक्याच्या कॉलेजात हा प्रयोग घेतल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडे पलंग नाही. आम्ही खाली झोपतो. तो शब्द ऐकून मला झोप आठवत नाही, लग्नातला रुखवत आठवतो.’ संपूर्ण सत्रात मी ऐकलेलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य होतं. कारण इंग्रजी याद्या बनवताना शब्द मनानं निवडत नाहीत. शेकडो माणसांना एक शब्द देऊन ‘पहिलं काय सुचलं’ विचारतात, कुठला शब्द किती जणांना सुचला त्याची नोंद होते, आणि ज्यांचं साहचर्य घट्ट असतं ते शब्द यादीत जातात. मी घरी बसून रचलेली यादी ही माझ्या घरातली यादी होती. मराठी बोलणाऱ्यांची साहचर्यं कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात, मालवणच्या किनाऱ्यावर आणि नाशिकच्या कारखान्याशेजारच्या वस्तीत सारखी असतील का? तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तेव्हापासून एम.ए.च्या मुलांना प्रकल्पासाठी मी हेच काम देत आले आहे: आपापल्या गावात जायचं, थोडे शब्द घ्यायचे, माणसांना विचारायचं, वय-शिक्षण-भाषा नोंदवायची आणि तक्ता बनवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण पायाचं आहे.

२०१० मध्ये जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायान यांनी एक लेख लिहिला, तो तू नक्की वाच. मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतले ९६ टक्के प्रयोज्य, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग झाले ती माणसं, अशा देशांतले होते, जिथं जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे ‘माणसाचं मन असं चालतं’ असं आपण परीक्षेत लिहितो, तेव्हा बहुतेक वेळा ते पाश्चात्त्य विद्यापीठातल्या तरुणांच्या मनाबद्दल असतं. महाराष्ट्रातल्या लहान कॉलेजातल्या प्राध्यापकाला संशोधनाला विषय सुचत नाही असं कुणी म्हणालं, तर मला हा आकडा आठवतो. विषय दाराशी आहेत.

मात्र स्वतःच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करताना एक पथ्य कडक पाळायचं. वर्गातलं प्रात्यक्षिक ही शिकण्याची गोष्ट आहे. त्याच नोंदी निबंधात छापायच्या ठरवल्या की तो अभ्यास होतो, आणि मग विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. ज्या बाईंच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्यांना कोण नाही म्हणेल? म्हणून माहिती दुसऱ्या कुणी गोळा करावी, संमतीचा कागद समजेल अशा मराठीत असावा, सहभागाचा गुणांशी संबंध नसावा आणि कुणी सही केली ते निकाल लागेपर्यंत शिक्षकाला कळू नये. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्यायची, मागाहून नव्हे. आपल्याकडे अनेक ठिकाणी ‘साधी प्रश्नावली तर आहे’ म्हणून हे सोडून दिलं जातं. नैराश्यावरची साधी प्रश्नावलीसुद्धा एखाद्या मुलाला रात्रभर जागं ठेवू शकते. त्यात आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न असेल, तर ‘हो’ लिहिणाऱ्या मुलाशी त्याच दिवशी कोण बोलणार हे ठरल्याशिवाय ती वाटायचीच नाही.

संशोधनानं माझं शिकवणं बदललं, तेही सांगायला हवं. रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ मधला अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तर उलटं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. त्याच लेखातल्या दुसऱ्या प्रयोगात वारंवार वाचणाऱ्यांनाच ‘आपल्या लक्षात जास्त राहील’ असा भरवसा होता. आपली अख्खी अभ्यासाची पद्धत या भरवशावर उभी आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड चार वेळा वाचायचं, ओळखीचं वाटायला लागलं की ‘झालं’ म्हणायचं.

त्यामुळे माझा तास आता असा असतो: पहिली पाच-सात मिनिटं मागच्या तासाचं न बघता लिहायचं. गुण नाहीत, नाव लिहायचं नाही. नंतर वही उघडून काय राहिलं ते बघायचं. पोर्शन यामुळे थोडा मागे पडतो, विभागप्रमुखांची बोलणीही खावी लागतात. पण मार्चमध्ये उजळणीला लागणारा वेळ वाचतो. आणि त्या बिननावाच्या कागदांवरून मला कळतं की सगळ्या वर्गाचा एकच गैरसमज कुठे झाला आहे. स्वाश्रयी परिवर्त्य (प्रयोगात आपण बदलतो तो घटक) आणि आश्रयी परिवर्त्य (ज्यावरचा परिणाम मोजतो तो) यांची अदलाबदल करणारी मुलं दर वर्षी इतकी असतात, की मी तो भाग आता अभिक्षेत्र (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ती सगळी माणसं) आणि नमुना यांच्याही आधी शिकवते.

सगळं संशोधन असं रंगतदार नसतं, हेही आधीच माहीत असू दे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडच्या परिसरात कन्नड आणि मराठी मुलांसाठी बिने बुद्धिमापन कसोटीचं रूप तयार केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. शेकडो मुलांना एकेकाला समोर बसवून, कुठल्या वयाचं मूल कुठला प्रश्न सोडवतं ते बघत हे काम झालं. बिने-कामत कसोटी देशातल्या कितीतरी दवाखान्यांत त्यानंतर पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. हे कौतुकाचं आहे आणि काळजीचंही. बुद्धिमापन कसोट्यांवरचे गुण पिढीगणिक वाढत जातात. अमेरिकेत दर दशकाला सुमारे तीन गुण, असं जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. मानकं, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून बघतात ते आकडे, जुनी असली की आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून दिसण्याची शक्यता असते. बुद्ध्यंकाच्या सत्तरच्या रेषेजवळच्या मुलाला त्यामुळे बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून शाळेतली सवलत मिळत नाही. नवी मराठी मानकं तयार करणं हे वर्षानुवर्षांचं, टाळ्या न मिळणारं काम आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धीच्या प्रतिमानावर आधारलेल्या कसोट्या तयार करून त्या वाटेवर पुष्कळ मजल मारली. अशी कामं एकट्याच्या पीएच.डी.त मावत नाहीत. त्यासाठी विभाग लागतो, आणि एकामागून एक येणारे विद्यार्थी लागतात. प्राध्यापकाच्या नोकरीत या दोन्ही गोष्टी आयत्या मिळतात. खासगी व्यवसायात त्या कुठून आणणार?

नोट्सबद्दल एक सांगते. २०१५ मध्ये शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा एक मोठा प्रकल्प छापून आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्राच्या दृष्टीनं लक्षणीय, म्हणजे नुसता योगायोग म्हणता येणार नाही असा, होता. पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांतच आला. इच्छाशक्ती वापरली की संपते, हा मी आवडीनं शिकवायचे तो सिद्धांतही २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासला, आणि परिणाम शून्याच्या जवळपास निघाला. पिवळ्या पडलेल्या नोट्स घेऊन वर्गात जाणं आपल्या विषयात म्हणूनच अप्रामाणिकपणाचं ठरतं. वर उल्लेख केलेले स्मृतीचे दोन्ही परिणाम मात्र पुन्हा पुन्हा मिळाले आहेत. आपण तालुक्याच्या कॉलेजातही ते मिळवू शकतो, आणि ‘आम्ही करून पाहिलं, आलं’ असं म्हणताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हा पेशा पुन्हा निवडेन.

आता व्यवहार. एम.ए.ला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ५० चालतात. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागते. नेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा आपल्या विषयाचा १०० प्रश्नांचा, मिळून ३०० गुण, चुकीला गुण कापत नाहीत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सोनं: २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. पीएच.डी.ला २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन, कमाल सहा वर्षं. सहायक प्राध्यापक होण्यासाठी २०२३ पासून पीएच.डी.ची सक्ती नाही, पण मुलाखतीला समोर पीएच.डी. झालेले बसलेले असतात हे लक्षात ठेव.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा त्यांच्याकडे जागा किती आणि ते वाचतात किती, हे बघ. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचार, प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळतं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा असतात का. निबंध छापताना पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिकाची पारख आता आपल्यालाच करावी लागते: संपादक मंडळावर खरी माणसं आहेत का, परीक्षणाला वेळ लागतो का, तुझ्या विषयातले जाणते लोक तिथं लिहितात का.

आणि सगळ्यात कडू गोष्ट. कायम जागेवर सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० आहे, पण कायम जागा कमी निघतात. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, वर्षानुवर्षं दोन-दोन कॉलेजांत धावणारी, सुट्टीत मानधन नसलेली नेट-पीएच.डी. झालेली माणसं मी रोज बघते. त्यातली कित्येक उत्तम शिक्षक आहेत. त्यांच्यावर अन्याय होतोय, आणि तुला या वाटेला लावताना तो झाकून ठेवणं मला जमणार नाही. म्हणून घरच्यांचं म्हणणं झटकून टाकू नकोस. घरात दुसरं उत्पन्न आहे का, किती वर्षं थांबता येईल, याचा हिशेब आत्ताच मांड.

क्लिनिकलबद्दल घरच्यांचा एक गैरसमज मात्र दूर कर. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिची नोंदणी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही ती व्याख्या आहे. त्या प्रशिक्षणाच्या जागा थोड्या आहेत आणि स्पर्धा मोठी. ती वाट सोपी म्हणून घेण्यासारखी नाही. रुग्णासोबत तासन् तास बसण्याची ओढ असेल तर जरूर घे. तुला जर वाचताना ‘हे यांना कसं कळलं?’ हा प्रश्न सारखा पडत असेल, आणि कळल्यावर कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नसेल, तर तू शिकवण्यासाठी आहेस.

परीक्षेला अजून अवकाश आहे. या सत्रात एवढं कर. जर्नलमधलं कुठलंही एक प्रात्यक्षिक घे, म्यूलर-लायरचा दृष्टिभ्रम असो की शब्दयादी. जर्नलात आपण एका प्रयोज्यावर करतो आणि सही घेतो. तू ते तुझ्या गावातल्या तीस-चाळीस माणसांवर कर: शेतावर जाणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, निम्मी कॉलेजची पायरी न चढलेली असू देत. करण्याआधी अपेक्षा काय आहे ते तारीख घालून कागदावर लिही. सूचना सगळ्यांना त्याच शब्दांत दे. ज्यांना सूचना कळली नाही, त्यांची वेगळी नोंद ठेव आणि काय कळलं नाही तेही लिही. तो तक्ता घेऊन तुझ्या सरांकडे जा. शिकवायला लागलं की संशोधन संपतं म्हणणारे तुझे सर तो तक्ता हातात घेऊन किती वेळ बसतात, ते मला जरूर कळव.